लसूणघास: जास्त चारा देणारा आणि किडीपुढे टिकणारा वाण कसा निवडावा?

जानेवारी २०२२ मध्ये भारत आणि अमेरिका यांच्यात शेतमालाच्या देवाणघेवाणीची एक व्यवस्था जाहीर झाली. करोनाच्या निर्बंधांमुळे २०२० पासून अडलेली आंब्याची अमेरिकेतील निर्यात पुन्हा सुरू होणार होती आणि डाळिंबालाही वाट मिळणार होती. बदल्यात अमेरिकेतून चेरी आणि वाळवलेला लसूणघास भारतात यायचा होता. महाराष्ट्रात चर्चा झाली ती हापूसची. घासाकडे फारसे कोणी पाहिले नाही. या व्यवहाराचे एक टोक नवी मुंबईत आहे. अमेरिकेला जाणाऱ्या आंब्यावर विकिरण प्रक्रिया करणारे राज्य कृषी पणन मंडळाचे केंद्र वाशीत आहे, आणि परदेशी माल उतरवणारे न्हावा-शेवा बंदर शेजारच्या उरण तालुक्यात आहे.

नगर, पुणे, सातारा, सोलापूर या भागांत विहिरीच्या कडेला घासाचे वाफे नाहीत असा दुधाचा गोठा शोधावा लागतो. अशा राज्यात बाहेरच्या घासाला बाजार का मिळावा? उत्तर चाऱ्याच्या तुटीत आहे. झाशीच्या भारतीय गवताळ कुरण व चारा संशोधन संस्थेने आपल्या ‘व्हिजन २०५०’ या दस्तऐवजात देशातील हिरव्या चाऱ्याची तूट ३५.६ टक्के धरली होती. नंतरच्या अंदाजांत हा आकडा बदलला, तरी तूट संपलेली नाही, आणि प्रथिनयुक्त चाऱ्याची ओढ तर गोठ्यात रोज जाणवते. ही तूट आपल्याच रानात भरून काढायची असेल, तर पहिला प्रश्न वाणाचा येतो. भरपूर चारा देणारा आणि किडीला बळी न पडणारा वाण कोणता, असे शेतकरी विचारतात. याचे उत्तर एका नावात देता येत नाही, पण ते कसे शोधायचे हे मात्र नक्की सांगता येते.

शहराचा घासाशी संबंध

नवी मुंबई हे घासाचे शेत नाही, गिऱ्हाईक आहे. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनीवर हे शहर उभे राहिले. ती जमीन भातखाचरांची, मिठागरांची आणि बांध घालून खाडीपासून राखलेल्या खाराची होती. लसूणघास तिथे कधीच मुख्य पीक नव्हते. पण शहर जे दूध पिते, त्यातले बरेचसे घाटावरून येते. कोल्हापूरच्या ‘गोकुळ’ दूध संघाचा पॅकिंग प्रकल्प वाशीत आहे. पिशवीतल्या त्या दुधामागे कोल्हापूरपासून नगरपर्यंतच्या गोठ्यांतला हिरवा चारा उभा आहे.

महाराष्ट्रात घास वाढला तो संकरित गाईंबरोबर. मणिभाई देसाई यांनी १९६७ साली उरुळीकांचन येथे ‘बाएफ’ ही संस्था उभी केली आणि होल्स्टिन व जर्सी रक्ताच्या गाई गावागावांत पोहोचवण्याचे मोठे काम तिने केले. दिवसाला दोन-तीन लिटर दूध देणारी गाय कडब्यावर आणि बांधाच्या गवतावर निभावत होती. दहा-पंधरा लिटरची गाय तशी निभावत नाही. तिला प्रथिने आणि कॅल्शियम हवे असते, आणि ते पेंडीतून विकत घ्यायचे की वाफ्यातून कापून आणायचे, या हिशेबातच घासाची किंमत कळते. लसूणघासाच्या शुष्क भागात साधारण २० टक्के प्रथिने असतात. ज्वारीच्या कडब्यात ती जेमतेम ३-४ टक्के असतात.

उत्पादनाचा आकडा कसा वाचावा

राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा आरएल-८८ हा बहुवार्षिक वाण महाराष्ट्रात सर्वांत परिचित आहे. त्याचे उत्पादन वर्षाला १० ते १२ कापण्यांत हेक्टरी १००० ते १२०० क्विंटल हिरवा चारा असे सांगितले जाते. हा आकडा गुंठ्यावर आणला तर चांगल्या व्यवस्थापनात वर्षाला गुंठ्यामागे एक टनाच्या थोडे वर, म्हणजे दिवसाला सरासरी तीन किलो घास मिळतो. दुभत्या संकरित गाईला रोज २० ते २५ किलो हिरवा चारा लागतो आणि त्यातला एक तृतीयांश द्विदल असावा, असा सर्वसाधारण सल्ला आहे. त्या हिशेबाने एका गाईमागे सुमारे तीन गुंठे घास पुरतो. छोट्या शेतकऱ्याने वाणांच्या जाहिरातीतले हेक्टरी आकडे असे गाईवर आणून पाहावेत.

पण हिरव्या चाऱ्याचा आकडा फसवा असू शकतो. घासात साधारण ८० टक्के पाणी असते. दोन वाणांचे हिरवे वजन सारखे असले तरी एकात पाने भरपूर आणि दुसऱ्यात खोड जाड, असे होते. प्रथिनांचा मोठा वाटा पानांत असतो, आणि खोड जसजसे जून होते तसतशी पचनीयता घटते. म्हणून वाणांची तुलना करताना तीन आकडे एकत्र मागावेत: शुष्क चाऱ्याचे उत्पादन, पान आणि खोडाचे प्रमाण, आणि प्रथिनांचे हेक्टरी उत्पादन. झाशीच्या संस्थेमार्फत चालणाऱ्या अखिल भारतीय समन्वित चारा पीक संशोधन प्रकल्पात या गोष्टी मोजल्या जातात. राहुरी आणि उरुळीकांचन ही दोन्ही केंद्रे या प्रकल्पात आहेत. शेतकऱ्यापर्यंत मात्र बहुतेक वेळा केवळ हिरव्या वजनाचा आकडा पोहोचतो.

चौथी गोष्ट टिकाऊपणाची. पहिल्या वर्षी जोमदार दिसणारा वाण तिसऱ्या वर्षी विरळ झाला, तर मोकळ्या जागेत हरळी आणि लव्हाळा शिरतो आणि वाफा मोडावा लागतो. घास तीन-चार वर्षे ठेवायचा असेल, तर पहिल्या वर्षाच्या उत्पादनापेक्षा तिसऱ्या वर्षी किती झाडे शिल्लक राहतात, हे महत्त्वाचे. जुना घास मोडून त्याच जागी लगेच नवा पेरू नये. लसूणघासाच्या झाडांतून जमिनीत उतरणारी काही रसायने त्याच्याच कोवळ्या रोपांची वाढ रोखतात. मधे ज्वारी, मका किंवा बाजरीचे पीक घेऊन मग पुन्हा घासाकडे यावे.

आपल्याकडचे वाण आणि परदेशी वाण

राहुरीच्या आरएल-८८ बरोबर गुजरातमधील आणंदचे वाण महाराष्ट्रात पोहोचले आहेत. आणंद-२ हा कच्छ भागातल्या घासातून निवडलेला वाण, आणि त्यानंतर आणंद-३ आला. हरियाणाकडचा सिरसा-९, झाशीचा चेतक, कोइमतूरचा को-१ आणि पंजाबचा एलएलसी मालिकेतला घास ही नावेही चारा पिकांच्या शिफारशींत दिसतात. या प्रत्येकाचा जन्म वेगळ्या हवेत झाला आहे. पंजाबात हिवाळा कडक, दक्षिणेत सौम्य. कच्छात कोरडा आणि वालुकामय भाग, तर दख्खनच्या पठारावर काळी आणि मध्यम काळी जमीन. एका ठिकाणी उत्तम आलेला वाण दुसरीकडे तसाच येईल, असे गृहीत धरून चालत नाही.

परदेशी बियाणे घेताना आणखी एक गोष्ट तपासावी लागते. लसूणघासाच्या वाणांची हिवाळी सुप्ततेनुसार १ ते ११ अशी प्रतवारी असते. १-२ क्रमांकाचे वाण थंडीत जवळपास झोपतात आणि बर्फ पडणाऱ्या प्रदेशात मुळांच्या बळावर तगतात. ९-१० क्रमांकाचे वाण हिवाळ्यातही वाढत राहतात. महाराष्ट्रात घासाचा खरा हंगाम ऑक्टोबर ते मार्च हा आहे. अशा ठिकाणी सुप्त वाण लावला तर जेव्हा कापणी मिळायला हवी तेव्हाच तो वाढ थांबवतो. म्हणून आपल्याकडे सुप्तता नसलेलाच घास हवा.

अमेरिकेत तणनाशक सहन करणारा जनुकीय परावर्तित लसूणघास २००५ साली मोकळा झाला, २००७ मध्ये न्यायालयीन निर्णयाने थांबला आणि २०११ मध्ये पुन्हा मोकळा झाला. त्यानंतर खोडातले लिग्निन कमी केलेला घासही तिथे आला. भारतात व्यापारी लागवड होते ते जनुकीय पीक कापूस हे एकच आहे. त्यामुळे आपल्या शेतकऱ्यासमोरची निवड पारंपरिक पद्धतीने पैदास केलेल्या वाणांतूनच होते, आणि तिथेच आपल्या संस्थांचे काम वाढायला हवे.

कीड कोणती, हे आधी ओळखा

‘कीडप्रतिकारक वाण’ हा शब्दप्रयोग अपुरा आहे. कोणत्या किडीला प्रतिकारक, हे सांगितल्याशिवाय त्याला अर्थ नाही. महाराष्ट्रात घासावर पहिला मान मावा किडीचा. डिसेंबर ते फेब्रुवारीत हवा थंड आणि ढगाळ झाली की शेंड्यांवर काळ्या माव्याच्या वसाहती दिसतात. तो रस शोषतो, अंगातून चिकट गोड द्रव सोडतो आणि त्यावर काळी बुरशी वाढून पाने काळवंडतात. जनावरे असा घास मन लावून खात नाहीत. दुसरा पिवळसर, अंगावर ठिपके असलेला मावा पानांच्या खालच्या बाजूला राहतो. तो रसाबरोबर विषारी लाळ सोडतो, त्यामुळे शिरा फिकट पडतात आणि पाने गळतात. हा मावा संख्येने थोडा असला तरी नुकसान जास्त करतो. मावा नुसता ‘आहे की नाही’ एवढे पाहून भागत नाही, तो कोणता हे पाहावे लागते.

लसूणघासाचा सोंडा ही उत्तर भारतातील मोठी कीड. तिच्या अळ्या शेंड्याची कोवळी पाने कुरतडतात. पाने खाणारी अळी आणि घाटे अळी आपल्याकडेही येतात, विशेषतः बियाण्यासाठी राखलेल्या फुलोऱ्यातल्या घासावर. रोगांत केवडा, तांबेरा आणि पानांवरील ठिपके दमट हवेत वाढतात, तर पाणी साचले की मूळकूज लागते. ती एकदा लागली की झाड परत उभे राहत नाही.

आणि अमरवेल. ही कीड नाही, परोपजीवी वेल आहे, तरी घासाचा सर्वांत मोठा शत्रू म्हणावा अशी. पिवळे धागे घासावर चढतात, झाडातला रस ओढतात आणि वाफ्याच्या एका कोपऱ्यातून सगळीकडे पसरतात. ती बहुतेक वेळा बियाण्याबरोबरच शेतात येते. तिच्यावर वाणाची निवड पुरेशी नाही. बियाणे स्वच्छ असणे हाच खरा उपाय. पेरणीपूर्वी बियाणे मिठाच्या द्रावणात टाकून तरंगणारे हलके दाणे काढावेत आणि मग स्वच्छ पाण्याने धुवावे, हा जुना उपाय आजही कामाचा आहे. बीज प्रमाणीकरणात अमरवेल हे आक्षेपार्ह तण मानले जाते ते यासाठीच.

प्रतिकार म्हणजे नेमके काय

प्रतिकार तीन प्रकारांनी येतो. काही झाडांवर कीड बसायलाच नको म्हणते. काहींवर ती बसते पण पिल्ले जगत नाहीत किंवा वाढ मंदावते. काही झाडे किडीचा मारा सोसून पुन्हा फुटतात. याला सहनशीलता म्हणतात. शेतकऱ्याच्या दृष्टीने तिन्ही उपयोगी, पण तिसऱ्या प्रकारात कीड शेतात वाढतच राहते आणि शेजारच्या पिकावर जाऊ शकते, हे ध्यानात ठेवावे.

दुसरी गोष्ट लसूणघासाच्या स्वभावात आहे. गहू किंवा भाताप्रमाणे इथे एका वाणाची सगळी झाडे सारखी नसतात. घास परपरागीभवनाचे पीक आहे, मधमाश्यांच्या मदतीने बी धरते, आणि त्याच्या पेशीत गुणसूत्रांचे चार संच, एकूण ३२ गुणसूत्रे असतात. त्यामुळे वाण हा एक समुदाय असतो. ‘माव्याला प्रतिकारक’ वाण म्हणजे त्यातली सगळी झाडे प्रतिकारक, असे नव्हे. त्यातली किती टक्के झाडे प्रतिकारक, हा खरा प्रश्न. अमेरिकेत याच पायावर प्रतवारी केली जाते. ५० टक्क्यांहून अधिक झाडे प्रतिकारक असतील तर वाण अति प्रतिकारक, ३१ ते ५० टक्के असतील तर प्रतिकारक, १५ ते ३० मध्यम, ६ ते १४ कमी आणि त्याखाली बळी पडणारा. ही प्रतवारी प्रत्येक किडीसाठी आणि रोगासाठी वेगळी दिली जाते. एकच वाण ठिपक्यांच्या माव्याला अति प्रतिकारक आणि मूळकुजीला कमी प्रतिकारक असू शकतो.

ही पद्धत संकटातून घडली. ठिपक्यांचा मावा १९५४ साली अमेरिकेत न्यू मेक्सिकोत आढळला आणि थोड्याच काळात त्याने नैर्ऋत्येकडील घासाची धूळधाण केली. त्याच सुमारास लाहोंटान हा वाण आला होता. तो खोडातील सूत्रकृमी आणि जिवाणूजन्य मर यांच्यासाठी घडवलेला होता, पण तो या माव्यापुढेही टिकतो हे नंतर कळले. आफ्रिकन घासातून निवडलेला मोआपा हा वाण १९५७ मध्ये आला. पुढे माव्याच्या अशा उपजाती निर्माण झाल्या ज्या या प्रतिकारालाही जुमानेनात, आणि पैदासकारांना पुन्हा कामाला लागावे लागले. ऑस्ट्रेलियात हा मावा १९७७ मध्ये पोहोचला. तिथला शेतकरी वर्षानुवर्षे हंटर रिव्हर या एकाच वाणावर विसंबून होता, आणि तो वाण माव्यापुढे उभा राहू शकला नाही. एका वाणावर साऱ्या प्रदेशाचा भरवसा ठेवण्याची किंमत तिथल्या दूध आणि मांस उत्पादकांनी मोजली.

सोंड्याची कहाणी वेगळी आहे. त्याच्यासाठी बऱ्याच वर्षांचे प्रयत्न होऊनही खंबीर प्रतिकार असलेला वाण हाती आलेला नाही. तिथे उपाय दोन ठरले. एक, कीड खाणाऱ्या आणि तिच्यावर जगणाऱ्या गांधीलमाशीसारख्या मित्रकीटकांना सोडणे. दोन, अळ्या वाढायच्या आत घास कापणे. याचा अर्थ प्रत्येक किडीवर वाणाचा उपाय नसतो, आणि तो असल्याचा दावा कोणी केला तर पुरावा मागावा.

कापणी हाही उपाय आहे

घासाचा एक मोठा फायदा म्हणजे तो वारंवार कापला जातो. पहिली कापणी पेरणीनंतर ५०-५५ दिवसांनी आणि पुढच्या २५ ते ३० दिवसांनी होतात. कापणीबरोबर कीड आणि तिची अंडी शेताबाहेर जातात. मावा वाढू लागला आणि कापणी आठवड्यावर असेल, तर फवारणीपेक्षा लवकर कापणी करणे शहाणपणाचे. घास थेट जनावराच्या पोटात जातो आणि तिथून कीटकनाशकाचा अंश दुधात उतरू शकतो. हे दूध शहरातल्या लहान मुलांपर्यंत जाते. फवारणी करणे भागच असेल तर कीटकनाशकाच्या लेबलवर दिलेला प्रतीक्षा कालावधी संपल्याशिवाय घास कापून घालू नये. प्रतिकारक वाणाची खरी कमाई इथे आहे: पैशाची बचत होतेच, शिवाय दुधातला विषांश टळतो.

घास वाढवताना आणि खाऊ घालताना दोन काळज्या घ्याव्यात. ओला, कोवळा घास एकटाच भरपूर घातला तर जनावराला पोटफुगी होते. म्हणून तो कडबा किंवा वाळलेल्या गवताबरोबर कुट्टी करून द्यावा. पेरणीच्या वेळी बियाण्याला घासासाठीचे रायझोबियम जिवाणूसंवर्धक चोळावे. मुळांच्या गाठींत नत्र स्थिर होते आणि वरून द्यावे लागणारे नत्र कमी होते. स्फुरद मात्र घासाला भरपूर लागते.

बियाण्याची पिशवी काय सांगते, काय सांगत नाही

वाण कागदावर कितीही चांगला असो, शेतकऱ्याच्या हाती पिशवी येते. तिच्यावरच्या खुणा वाचता आल्या पाहिजेत. पैदासकार बियाण्याला सोनेरी पिवळी खूणचिठ्ठी असते, पायाभूत बियाण्याला पांढरी, प्रमाणित बियाण्याला निळी आणि सत्यप्रत बियाण्याला हिरवी. निळ्या खूणचिठ्ठीमागे बीज प्रमाणीकरण यंत्रणेची तपासणी असते. हिरवी चिठ्ठी ही उत्पादकाची स्वतःची हमी असते. चारा पिकांचे प्रमाणित बियाणे मागणीच्या मानाने कमी आहे, म्हणून बाजारातला बहुतांश घास ‘लसूणघास बियाणे’ एवढ्याच ओळखीवर विकला जातो. आणि घास परपरागीभवनाचा असल्याने शेजारच्या घासाशी संकर होऊन दोन-तीन पिढ्यांत नावापुरताच वाण उरतो.

बीज अधिनियम १९६६ नुसार पिशवीवर पीक, वाण, उगवण, भौतिक व अनुवांशिक शुद्धता, तपासणीची तारीख अशी माहिती असते. कोणत्या किडीला किती प्रतिकार आहे, हे तिथे लिहावे लागत नाही. त्यामुळे शेतकऱ्याच्या सर्वांत महत्त्वाच्या प्रश्नाचे उत्तर पिशवीवर कुठेच नसते. अमेरिकेत शेतकरी वाणांचा तक्ता उघडतो आणि मावा, सूत्रकृमी, मूळकूज, मर अशा प्रत्येक रकान्यातली प्रत पाहून निवड करतो. आपल्याकडे असा तक्ता महाराष्ट्रातल्या किडींसाठी बनवता येणार नाही, असे नाही. राहुरी आणि उरुळीकांचन येथे चाचण्या होतात, किडींची निरीक्षणे होतात. ती माहिती शेतकऱ्याला वाचता येईल अशा मराठी तक्त्यात यायला हवी.

पनवेल, उरण आणि खाराची जमीन

नवी मुंबई परिसरात, विशेषतः पनवेल आणि उरण तालुक्यांत, अजूनही गाई-म्हशी पाळणारी कुटुंबे आहेत. त्यांना घाटावरचा सल्ला जसाच्या तसा देणे चुकीचे ठरेल. इथे पावसाळ्यात अडीच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. जमीन एक तर निचऱ्याअभावी चिकट, नाहीतर जांभ्याची आम्लधर्मी, नाहीतर खारी. लसूणघासाला यातले काहीही मानवत नाही. त्याला साधारण उदासीन, खोल आणि उत्तम निचऱ्याची जमीन हवी असते. जमिनीतल्या क्षारांची विद्युत वाहकता २ डेसिसायमन प्रति मीटरच्या वर गेली की त्याचे उत्पादन घटू लागते, आणि ९ च्या सुमारास ते निम्म्यावर येते. जुलै-ऑगस्टमध्ये पाणी साचलेल्या वाफ्यात मूळकूज होऊन बहुवार्षिक वाणसुद्धा एका पावसाळ्यात संपतो. इथला मुख्य शत्रू मावा नाही, साचलेले पाणी आहे.

म्हणून या भागात पहिली पायरी माती परीक्षण. खारभूमीवर काम करणारे दापोली कृषी विद्यापीठाचे संशोधन केंद्र पनवेलला आहे. खाऱ्या जमिनीत तग धरणारे पनवेल-१, पनवेल-२ यांसारखे भाताचे वाण तिथूनच आले. जिथे भात निघाल्यावर सिंचन आहे आणि जमीन खारी नाही, तिथे नोव्हेंबरमध्ये उंच गादीवाफ्यावर घास हंगामी पीक म्हणून पेरावा आणि पावसापूर्वी मोडावा. अशा ठिकाणी बहुवार्षिक टिकाऊपणापेक्षा लवकर फुटणारा, पहिल्या कापणीपासून भरपूर पाने देणारा वाण अधिक उपयोगी. पावसाळ्यासाठी संकरित नेपिअर, पाणी साचणाऱ्या जागी पॅरा गवत, डोंगरउतारावर स्टायलो, बांधावर दशरथ घास, शेवरी आणि हादगा ही साथीदार पिके ठेवावीत. हे सगळे मिळून चाऱ्याचे वर्ष पूर्ण होते; एकट्या लसूणघासावर कोकणात ते होत नाही.

  

निवडीचा क्रम

एवढ्या आढाव्यातून निवडीचा क्रम असा निघतो. आधी जमीन आणि निचरा तपासा, कारण पाणी साचणाऱ्या जागी कोणताच वाण वाचत नाही. मग घास किती वर्षे ठेवायचा ते ठरवा. तीन-चार वर्षांसाठी आरएल-८८ सारखा बहुवार्षिक वाण, एका हंगामासाठी लवकर वाढणारा. आपल्या भागात खरोखर त्रास देणारी कीड कोणती, हे दोन हंगाम वाफ्यात पाहून लिहून ठेवा. उत्पादनाचा आकडा हिरव्या वजनात नव्हे, शुष्क चारा आणि पानांच्या प्रमाणात मागा. आणि बियाणे शक्यतो विद्यापीठाचे किंवा निळ्या खूणचिठ्ठीचे, अमरवेलमुक्त घ्या. पहिल्याच वर्षी सगळ्या रानात एकच वाण न लावता दोन वाण शेजारी लावून पाहा. एका वर्षात आपल्या जमिनीचे उत्तर आपल्यालाच मिळते.

कृषी विद्यापीठांनी आणि दूध संघांनीही आपला वाटा उचलायला हवा. दूध संघ सभासदांना पशुखाद्य पुरवतात, पशुवैद्य पुरवतात. त्यांनी चाऱ्याच्या प्रमाणित बियाण्याची साखळीही उभी करावी, आणि विद्यापीठांनी प्रत्येक वाणापुढे मावा, केवडा, मूळकूज यांच्या प्रतिकाराची प्रत लिहून दरवर्षी मराठीत प्रसिद्ध करावी. तोवर शेतकऱ्याने बियाण्याच्या दुकानात ‘हा वाण कीडप्रतिकारक आहे’ एवढ्यावर समाधान मानू नये. ‘कोणत्या किडीला, आणि किती?’ हे दोन प्रश्न विचारावेत, आणि उत्तर मिळेपर्यंत पिशवी घेऊ नये.